कल्याणला वळू नये : दोन हजार वर्षांपूर्वीचा एक समुद्रमार्ग आणि जुन्नरचा घाटमाथा

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी ओळखला जातो. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, अण्याच्या घाटाखाली वसलेले हे गाव आज कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर आहे. पूर्वेचा घाट चढला की अणे, टाकळी ढोकेश्वर, अहिल्यानगर आणि त्यापुढे गोदावरीकाठचे पैठण. पश्चिमेला आळेफाटा, ओतूर आणि माळशेज उतरला की मुरबाड, कल्याण. रस्ता डांबरी झाला, घाट बदलला. दिशा मात्र सातवाहनकाळापासून तीच आहे. पैठणची राजधानी, जुन्नरची पेठ आणि कल्याणची खाडी या तीन ठिकाणांना जोडणारी सरळ रेघ ओढली तर ती याच टापूतून जाते.

पैठण ते कल्याण हे अंतर आजच्या रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर भरते. असे असताना इसवी सनाच्या पहिल्या शतकात पैठणचा माल कल्याणला न उतरता कित्येक दिवसांचा फेरा घेऊन नर्मदेच्या मुखाशी, भडोचला जात होता. आणि ग्रीक जहाजांना तर कल्याणच्या खाडीत शिरूच नये, असा इशारा मिळत होता. हा धागा त्या इशाऱ्याचा आहे.

इशारा ज्या ग्रंथात आहे त्याचे नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याने केलेल्या प्रवासाचे टिपण. एरिथ्रियन समुद्र म्हणजे आजचा तांबडा समुद्र, अरबी समुद्र आणि हिंदी महासागर हे सगळे मिळून. लेखक इजिप्तमध्ये राहणारा, ग्रीक लिहिणारा कोणी व्यापारी. त्याचे नाव टिकले नाही. पुस्तक लहान, ६६ परिच्छेदांचे, आणि वाङ्मय म्हणून रूक्ष. कोणते बंदर कुठे, तिथे काय विकले जाते, काय मिळते, नांगर कुठे टाकावा, कुठे टाकू नये, एवढेच तो सांगतो. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण. राजांची स्तुती करण्याचे त्याला कारण नव्हते. त्याला फक्त आपले जहाज आणि आपला नफा सांभाळायचा होता.

अशा प्रवासाची आखणी करताना जे प्रश्न पडतात ते आजही फारसे बदललेले नाहीत. कॅरिबियन समुद्रात शिडाच्या नौकेने बेटामागून बेट गाठत जाणारे आजचे प्रवासी जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ टाळतात, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे बेटांचा क्रम लावतात आणि जवळजवळ प्रत्येक बेटावर राज्य वेगळे असल्यामुळे प्रवेशाची परवानगी कोणत्या बंदरात मिळेल हे आधी पाहून ठेवतात. हंगाम, क्रम, परवानगी. पेरिप्लसच्या लेखकाने पश्चिम किनाऱ्यासाठी याच तीन गोष्टींची उत्तरे दिली आहेत. पहिल्या दोन निसर्गाच्या हातात होत्या. तिसरी मात्र सह्याद्रीच्या माथ्यावर ठरत होती.

हंगामाचे गणित असे. इजिप्तच्या बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत. तांबड्या समुद्रातून बाहेर पडली की नैर्ऋत्य मोसमी वारा त्यांना थेट भारताच्या दिशेने ढकलत असे. वारा जोरात असतो तेव्हा आपला किनारा बंद असतो. कोकणातला कोळी आजही नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात घालत नाही. दूरच्या जहाजाचा प्रवास त्यामुळे असा बेतलेला असे की मधला खवळलेला समुद्र ओलांडून सप्टेंबरच्या सुमारास, वारा मवाळ होताना, ते किनाऱ्याला लागावे. परतीसाठी डिसेंबर-जानेवारीतला ईशान्येचा वारा. मधले दोन-तीन महिने खरेदी-विक्रीचे.

किनाऱ्यालगतच्या फिरतीचे वारे निराळे. पावसाळा संपला की दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो आणि रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई. मतलईवर बंदरातून बाहेर पडायचे, खाऱ्या वाऱ्यावर दक्षिणेची मजल मारायची आणि संध्याकाळी पुढच्या खाडीत शिरायचे, ही किनाऱ्याच्या गलबतांची शतकानुशतकांची रीत. कोकणचा किनारा या रीतीसाठीच घडवल्यासारखा आहे. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण अशा नद्या ठरावीक अंतराने समुद्राला मिळतात. प्रत्येक मुखाशी एक बंदर आणि प्रत्येक बंदरामागे देशावर चढणारा एक घाट.

उत्तरेकडून सुरुवात करावी. भडोच हे पश्चिम किनाऱ्याचे त्या काळातले सर्वांत मोठे बंदर, पण तिथे पोहोचणे सोपे नव्हते. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर विलक्षण. उधाणाचे पाणी भिंतीसारखे येते आणि नांगर टाकलेली जहाजेही उलथवते. वाळूचे दांडे पाण्याखाली दडलेले. पेरिप्लस सांगतो की यावर राजाने उपाय केला होता. राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या वल्हवायच्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येत, जहाजाला दोर बांधून भरतीच्या वेळी पुढे नेत आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल जागी थांबवत. या होड्यांची दोन नावेही लेखकाने नोंदवली आहेत, त्रप्पग आणि कोटिंब. गुजरातेतल्या ‘कोटिया’ या जहाजाच्या नावात दुसरे नाव उरले असावे, असे काही अभ्यासक मानतात.

म्हणजे नैसर्गिकदृष्ट्या अवघड बंदर राज्यसंस्थेने सोपे करून दिले. आता याच्या नेमके उलटे.

भडोचच्या दक्षिणेला ओळीने असलेली स्थानिक बंदरे सांगताना लेखक सोपारा आणि कल्याण यांची नावे घेतो. कल्याणबद्दल तो थांबून दोन गोष्टी नोंदवतो. थोरल्या सातकर्णीच्या काळी ते परदेशी व्यापारासाठी रीतसर खुले असलेले बंदर होते. पुढे ते संदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या हाती गेले आणि तेव्हापासून तिथला व्यापार अडवला गेला. चुकून एखादे ग्रीक जहाज तिथे आलेच तर त्याच्यावर पहारा बसवून ते भडोचला नेले जाते.

हा संदनेस कोण, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कोणी त्याला सातवाहन राजा मानतात, कोणी शकांचा अधिकारी. परिणाम मात्र उघड आहे. लाभ भडोचचा होत होता, आणि भडोच ज्याच्या ताब्यात होते तो राजा पेरिप्लसमध्ये मंबनोस किंवा नंबनोस या रूपात येतो. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते हा क्षहरात क्षत्रप नहपान.

कल्याण अडवणे भूगोलामुळेही सोपे होते. बंदर उघड्या समुद्रावर नाही. उल्हास नदीच्या खाडीत बरेच आत आहे. तिथे जाणाऱ्या जहाजाला एकतर वसईच्या मुखातून नाहीतर मुंबईची बेटे आणि घारापुरी यांच्यामधून वर जावे लागते, तेही भरतीची वेळ साधून. मुखाशी चार सशस्त्र होड्या उभ्या केल्या की आतले शहर कितीही श्रीमंत असो, त्याचा गळा आवळला जातो. आणि शहर श्रीमंत होतेच. कण्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचे व्यापारी, सोनार, लोहार दाते म्हणून भेटतात. घारापुरीच्या किनाऱ्यावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. म्हणजे कधीकाळी माल या वाटेने येत होता.

नहपानाचा हात घाटाच्या वरही पोहोचला होता. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील एका लेण्यात त्याचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. वर्ष ४६, राजा महाक्षत्रप स्वामी नहपान, दान पाण्याचे टाके आणि मंडप. नाणेघाटाच्या वरची पेठ त्याच्या अंमलदाराच्या हातात होती, याचा हा दगडातला पुरावा. नाणेघाटात त्याआधीच्या सातवाहनांनी आपले लेख कोरून ठेवले होते. राणी नागनिकेच्या त्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणांची मोठी जंत्री आहे. सिमुक, सातकर्णी आणि इतरांच्या मूर्तींखाली त्यांची नावे होती. मूर्ती गेल्या, नावे उरली. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते.

आता पैठणच्या व्यापाऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे. पेरिप्लस सांगतो की पैठणहून अकीकासारखे मौल्यवान खडे मोठ्या प्रमाणावर आणि तेरहून, म्हणजे तगरहून, जाडेभरडे कापड, तलम मलमल असा माल गाड्यांतून भडोचला उतरतो, तोही धड रस्ते नसलेल्या मुलखातून. पैठण ते भडोच वीस दिवसांची वाट. तेर त्याहून दहा दिवस आत. गाडी म्हणजे बैल. वीस दिवस बैलांचा चारा, पाणी, राखणदार, नद्यांचे उतार. आणि हे सगळे जुन्नर–नाणेघाट–कल्याण हा जवळचा मार्ग असताना. नाणेघाटाची उतरण गाडीची नव्हे, पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांची आहे, ही अडचण खरीच. पण घाट त्याआधीही उतरला जात होता. अडला तो घाटाखाली, खाडीच्या तोंडाशी.

फेऱ्याच्या वाटेवर सोयी करण्यात क्षहरातांनी कसूर केली नाही, हेही न्यायाने सांगायला हवे. नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यातील लेख या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे त्याने वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. पारदा, दमण, तापी, दाहनुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. नद्यांची नावे नकाशावर लावली की पारडी, दमण, सुरत, डहाणू असा सोपारा ते भडोच हा सगळा किनारा समोर उभा राहतो. इतिहासाच्या पुस्तकांत हा लेख दानधर्माच्या प्रकरणात येतो. तो वाहतुकीच्या प्रकरणातही असायला हवा. एका हाताने कल्याण बंद आणि दुसऱ्या हाताने भडोचच्या वाटेवर फुकट होड्या: व्यापार वळवायचा तर असाच वळवावा लागतो.

कल्याण टाळून दक्षिणेला निघालेल्या जहाजापुढे पेरिप्लसची यादी अशी येते: सेमुल्ला, मंदगोरा, पलैपत्मै, मेलिझैगारा, बिझांतियन. सेमुल्ला म्हणजे चौल, याबद्दल फारसा वाद नाही. बाकीच्या ओळखी तर्काच्या आहेत. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग हा क्रम अनेकांना पटतो, कारण एकेक मोठे नदीमुख एकेका नावापुढे बसते. (बिझांतियन हे नाव पाहून तिथे ग्रीकांची वसाहत शोधण्याचा मोह आवरावा. परक्या नावाला आपल्या ओळखीच्या गावाचा साज चढवण्याची खोड सगळ्याच प्रवाशांना असते.) चौल कुंडलिकेच्या मुखाजवळ, समुद्राला लागून आहे, कल्याणसारखे खाडीत दडलेले नाही. कल्याण अडले तेव्हा यादीतले पुढचे नाव चौलचे होते.

यापुढे यादीचा बाज एकदम बदलतो. बंदरे संपतात आणि बेटे सुरू होतात: सेसेक्रिएनै, ऐगिदिओई, कैनैतै, आणि मग ल्यूके, म्हणजे पांढरे बेट. बाजारांचा उल्लेख नाही, मालाचा नाही. त्याऐवजी एकच शेरा: या भागात चाचे आहेत. वेंगुर्ल्यासमोरचे खडक, कारवारजवळचे अंजदीव, त्याच परिसरातली लहान बेटे आणि शेवटी भटकळ-मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी, अशा त्यांच्या ओळखी सुचवल्या गेल्या आहेत.

या बेटांचा उपयोग काय, हे वेंगुर्ल्याच्या खडकांकडे पाहिले की कळते. तिथे उतरून काही विकत घेण्याजोगे नव्हते; आज तिथे दीपगृह आहे, आणि दीपगृह असते याचा अर्थच जहाजाने तिथून लांब राहावे. अशी बेटे खूण म्हणून कामाची. किनारा धुक्यात हरवला, गावे ओळखू येईनात, तरी समुद्रात उभा असलेला खडक चुकत नाही. पांढरे बेट दिसले की तांडेलाला कळे, आता चाचांचा पट्टा मागे पडला आणि तमिळ देशाची मिऱ्यांची बंदरे जवळ आली. मिऱ्यांसाठी निघालेली मोठी जहाजे तर हा किनारा धरतच नसत; ती तांबड्या समुद्रातून थेट मुझिरिस गाठत. प्लिनी लिहितो की चाचांच्या भीतीने या जहाजांवर तिरंदाजांची तुकडी असे. टॉलेमीने पुढच्या शतकात या किनाऱ्याला चाचांचा किनारा असेच नाव दिले.

चाचे कोण होते? परदेशी व्यापाऱ्याच्या लेखणीतून उतरलेल्या या शब्दाकडे जरा सावधपणे पाहावे. जहाजावर पहारा बसवून ते भडोचला नेणारा राजाचा माणूस आणि जहाज अडवून माल काढून घेणारा बेटावरचा माणूस, यांच्यात जहाजाच्या मालकाला जाणवणारा फरक किती असेल? एकाला तो राज्य म्हणतो, दुसऱ्याला चाचा.

नहपानाची व्यवस्था टिकली नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो प्रचंड साठा सापडला, त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी बहुतांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा पुसट दिसतो, वर सातवाहनांची चिन्हे. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवन दाते नोंदले आहेत. इरिलाने पाण्याची टाकी दिली, चिटाने भोजनमंडप, चंद्राने लेण्याचे दर्शनी काम. कल्याणच्या एका दात्याचे टाकेही तिथे आहे. समुद्राचे पाणी ज्यांच्या उपजीविकेचे साधन, त्यांनी घाटावर येऊन गोडे पाणी साठवण्याची सोय केली.

कल्याणच्या खाडीची अडचण मात्र तशीच राहिली, आणि सोळाशे वर्षांनी ती जुन्नरच्याच भूमिपुत्रासमोर आली. १६५७ च्या उन्हाळ्यात शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी मोगलांच्या जुन्नर शहरावर रात्री छापा घातला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली. पाठोपाठ तिथे जहाजबांधणी सुरू झाली. पण वसई आणि ठाणे पोर्तुगिजांकडे होते. कल्याणला बांधलेले जहाज समुद्रात न्यायचे तर त्यांच्या तोफांसमोरून. गोव्याला पोहोचलेली पोर्तुगीज अस्वस्थता या एकाच गोष्टीची होती.

महाराजांनी मग जो मार्ग निवडला तो पेरिप्लसच्या यादीच्या खालच्या अर्ध्या भागाचा. खाडीच्या आतले बंदर सोडून उघड्या समुद्रातले बेट. नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये मालवणहूनच आरमार बसरूरच्या मोहिमेवर निघाले. इंग्रजांच्या नोंदींत ८५ गलबते आणि तीन मोठी जहाजे असा आकडा येतो. महिना विचारपूर्वक निवडलेला: पावसाळा दूर, दक्षिणेला जायला वारा अनुकूल, समुद्र शांत.

वाटेत अंजदीव लागते. बेट तेच, पण त्याचा इतिहास आखणी चुकल्यावर काय होते ते दाखवणारा. १४९८ मध्ये वास्को द गामाने परतीच्या वेळी इथे थांबून जहाजांची डागडुजी केली, पाणी भरले. १५०५ मध्ये पोर्तुगिजांनी किल्ला बांधला. काही दिवसांच्या मुक्कामाला ही जागा उत्तम. १६६२ मध्ये मुंबई ताब्यात घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनच्या इंग्रज सैनिकांना मात्र पोर्तुगिजांनी मुंबईत उतरू दिले नाही, आणि ते अंजदीववर अडकले. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. शिपमन १६६४ मध्ये तिथेच मरण पावला. चारशेहून अधिक माणसांपैकी शंभरच्या आसपास उरली आणि त्यांनी १६६५ च्या फेब्रुवारीत मुंबई ताब्यात घेतली, म्हणजे मराठ्यांचे आरमार त्याच पाण्यातून दक्षिणेला गेले त्याच महिन्यात.

केळदीच्या राज्यातले बसरूर हे श्रीमंत बंदर होते. तिथून मोठी लूट घेऊन महाराज परतले, वाटेत गोकर्णाला तीर्थस्नान झाले. आता वारा उलटा होता. उत्तरेला, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर जायचे तर दिवस लागणार, आणि पुरंदरच्या रोखाने मिर्झाराजे जयसिंह दख्खनेत येत होते. बरेचसे आरमार पुढे रवाना करून महाराजांनी चार हजार पायदळासह अंकोल्यापासून किनाऱ्याची जमिनीवरची वाट धरली. बारा गलबते तेवढी बरोबर ठेवली, वाटेतल्या नद्यांवर सैन्य पैलतीराला उतरवण्यासाठी.